पुण्यातून निघालेली लस आणि अक्रात अडकलेला दुसरा डोस

२४ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी घानाची राजधानी अक्रा इथल्या कोटोका विमानतळावर करोनाच्या लशीचे सहा लाख डोस उतरले. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशिल्ड, म्हणजे ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेकानं विकसित केलेली. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना लस मिळावी म्हणून जागतिक आरोग्य संघटना, ‘गावी’ ही लसपुरवठ्याचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि युनिसेफ वगैरेंनी मिळून उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेतून लस पोहोचलेला हा पहिला देश. विमानतळावर मंत्री, अधिकारी, कॅमेरे असा सगळा थाट होता. तीन महिने उलटायच्या आत याच देशातले लाखो लोक पहिला डोस घेऊन दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते, आणि पुण्याहून येणारा माल थांबला होता.

लसपुरवठ्याचा विषय निघाला की मी हे प्रकरण पुढे ठेवतो. यात ढळढळीत चूक कोणाचीच सापडत नाही, तरी गाडी अडली ती अडलीच.

पार्श्वभूमी

घानाची लोकसंख्या २०२१ मध्ये साधारण ३ कोटी ८ लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढी. तिथे करोनाचे पहिले दोन रुग्ण १२ मार्च २०२० ला सापडले. एक नॉर्वेहून आलेला, दुसरा तुर्कस्तानहून. तीन-चार दिवसांत शाळा बंद झाल्या, सभा-समारंभांवर बंदी आली आणि २२ मार्चच्या मध्यरात्री सीमा बंद झाल्या. त्याआधीच्या शेवटच्या विमानांनी आलेल्या हजारावर प्रवाशांना सरकारनं हॉटेलांत ठेवून प्रत्येकाची चाचणी केली. बाधितांचा पहिला मोठा गठ्ठा तिथेच सापडला.

शुक्रवारी, २७ मार्चला राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अड्डो यांनी टीव्हीवरून अक्रा, टेमा, कासोआ आणि कुमासी या पट्ट्यांत टाळेबंदी जाहीर केली. ती लागू झाली सोमवारी पहाटे एक वाजता. म्हणजे लोकांना दोन दिवसांहून जास्त सवड मिळाली. आपल्याकडे त्याच आठवड्यात चार तास मिळाले होते, ते कोणी विसरलेलं नाही. पण सवड मिळाल्यानं प्रश्न सुटला असं नाही. अक्राच्या बाजारांत डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या मुली आणि बायका असतात, त्यांना कायायेई म्हणतात. बहुतेक जणी देशाच्या उत्तरेकडच्या. काम बंद म्हटल्यावर त्यांनी गावाची वाट धरली आणि ट्रकांत बसून निघालेल्या काही जणींना रस्त्यात अडवून माघारी आणलं गेलं. नंतर सरकारनं आणि चर्च-मशिदींनी जेवण वाटलं. पण रोज कमवून रोज खाणाऱ्यांचं शहर तीन आठवड्यांहून जास्त बंद ठेवता येत नाही, हे सरकारच्या लक्षात आलं. २० एप्रिलला टाळेबंदी उठली.

ती उठवायचं धाडस करता आलं त्यामागे एक प्रयोगशाळा होती. अक्राजवळ लेगॉनच्या विद्यापीठात नोगुची स्मारक वैद्यकीय संशोधन संस्था आहे. तिथे रोज हजारोंनी नमुने येऊ लागले आणि चाचणीचं रसायन पुरेना. मग त्यांनी दहा नमुन्यांतला थोडा थोडा अंश एका नळीत एकत्र करून एकच चाचणी लावायला सुरुवात केली. नळी निगेटिव्ह आली की दहाही जण एका फटक्यात मोकळे. पॉझिटिव्ह आली तरच त्या दहांची पुन्हा वेगवेगळी तपासणी. संसर्ग कमी असलेल्या वस्तीत या युक्तीनं रसायन आणि वेळ दोन्ही वाचतं. संसर्ग वाढला की मात्र जवळजवळ प्रत्येक नळी पॉझिटिव्ह येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. घानाला ही युक्ती लागू पडली, कारण ती अगदी सुरुवातीला वापरली. खेड्यांतले नमुने अक्रा-कुमासीला आणायला झिपलाइन कंपनीचे ड्रोनही कामाला लागले. रक्त आणि औषधं पोहोचवायला ते २०१९ पासून तिथे उडत होतेच.

आणखी एक वस्तू सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुकान, बँक, चर्च, जिकडे जावं तिकडे दारात स्टुलावर एक बादली. बादलीच्या तळाशी तोटी, खाली सांडपाण्याचं घमेलं, शेजारी साबण. हिला ‘व्हेरोनिका बकेट’ म्हणतात, कारण ती व्हेरोनिका बेकोए या घानाच्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी करोनाच्या कितीतरी आधी घडवली होती. नळाला पाणी नसलेल्या ठिकाणी वाहत्या पाण्याखाली हात धुता यावेत एवढाच हेतू. करोनात ती बादली देशभर पसरली.

तरी सगळं सुरळीत होतं असं नाही. टेमाच्या एका मासळी कारखान्यात एकाच माणसाकडून ५३३ जणांना लागण झाल्याचं राष्ट्राध्यक्षांनी मे २०२० मध्ये स्वतः सांगितलं. डिसेंबरात निवडणूक झाली, मागोमाग नाताळ आला आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट उसळली. संसदेत खासदार आणि कर्मचारी बाधित झाल्यानं कामकाज थांबवावं लागलं. घानात अंत्यविधी म्हणजे शेकडो माणसं, गाणं-बजावणं, जेवणावळी. तिथे पंचवीस माणसांत दफन उरकायची मर्यादा आली. अशा वातावरणात लस आली.

अडचण

कोविशिल्डचे दोन डोस लागतात. हाती सहा लाख. म्हणजे एक तर तीन लाख लोकांना पूर्ण लस, नाहीतर सहा लाखांना अर्धी आणि उरलेला अर्धा भाग पुढे येणाऱ्या मालाच्या भरवशावर.

भरवसा ठेवायला तेव्हा जागा होती. कोव्हॅक्सनं घानाला पुढचा साठा कबूल केला होता. देशातल्या दोन कोटी लोकांना वर्षअखेरपर्यंत लस द्यायचं सरकारचं उद्दिष्ट होतं, ते त्याच कबुलीवर आखलेलं. दोन डोसांत ८ ते १२ आठवड्यांचं अंतर चालेल असा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा सल्ला होता. अंतर जास्त ठेवलं तर संरक्षण उलट चांगलं मिळतं, असं ऑक्सफर्डच्या चाचण्यांतून फेब्रुवारीतच दिसलं होतं.

शिवाय व्हायल (लशीची कुपी) एकदा फोडली की त्यातले दहाही डोस काही तासांत संपवावे लागतात, आणि न फोडलेल्या व्हायलचीही मुदत धावत असते. कपाटात ठेवलेली लस कोणालाच वाचवत नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: निम्मा साठा मागे ठेवायचा. यात धोका कमी, पण गतीही निम्मी. आणि मुदत संपायच्या आत तो बाहेर काढायची जबाबदारी डोक्यावर.

दुसरा: सगळे डोस पहिल्या फेरीत वाटून टाकायचे आणि पुढच्या मालावर विसंबायचं.

तिसरा मधला होता. सगळ्या देशात शिंपडण्याऐवजी संसर्ग जिथे जास्त तिथेच लस न्यायची. म्हणजे दुसऱ्या डोसच्या वेळी माणसं शोधायला सोपी जातील.

घानानं दुसरा आणि तिसरा एकत्र केला. माझ्या मते त्या क्षणी हाच निर्णय बरोबर होता. नंतर काय घडलं ते माहीत असताना मागे वळून त्याला नावं ठेवणं सोपं आहे.

काय केलं

१ मार्चला राष्ट्राध्यक्षांनी अक्राच्या ३७ मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, टीव्हीवर देशादेखत, दंडावर लस घेतली. आदल्या रात्रीच्या भाषणात त्यांनी अफवांची यादीच घेतली होती: लशीनं डीएनए बदलत नाही, अंगात पाळत ठेवणारं यंत्र बसत नाही, वंध्यत्व येत नाही. या तिन्ही अफवा तेव्हा आपल्याही व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या, हे वेगळं सांगायला नको.

२ मार्चपासून ग्रेटर अक्रा, अशांती आणि सेंट्रल या तीन प्रांतांतल्या ४३ जिल्ह्यांत मोहीम सुरू झाली. आरोग्य कर्मचारी, सुरक्षा दलं, साठीपुढचे लोक आणि आधीपासून आजार असलेले आधी. घानात बालकांच्या लसीकरणाची घडी जुनी आणि चांगली बसलेली. कोविशिल्डला २ ते ८ अंश तापमान लागतं, म्हणजे त्याच यंत्रणेतले फ्रिज आणि शीतपेट्या कामी आल्या. उणे सत्तर अंशांची लस आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. आडबाजूच्या केंद्रांना ड्रोननं लस टाकली गेली, कागदी छत्रीला बांधलेल्या खोक्यातून.

भारत सरकारनं भेट दिलेले ५० हजार डोस आले, एमटीएन या टेलिफोन कंपनीकडून १ लाख ६५ हजार मिळाले. सगळे झपाट्यानं टोचले गेले. एप्रिलपर्यंत आठ लाखांहून जास्त डोस संपले होते आणि ते जवळजवळ सगळे पहिले डोस होते.

आता पुण्याकडे वळू. जानेवारीच्या १२ तारखेला पहाटे पुण्याजवळच्या मांजरी इथल्या सीरमच्या कारखान्यातून लशीचे पहिले ट्रक पूजा करून निघाले, तेव्हा आपली लाट ओसरली होती. फेब्रुवारीअखेर अमरावतीपासून ती पुन्हा चढू लागली. मार्चच्या शेवटी केंद्रानं निर्यात जवळपास थांबवली. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांना लस खुली होणार होती आणि देशातच माल पुरत नव्हता. २५ मार्चला कोव्हॅक्सनं देशांना कळवलं की सीरमकडून मार्च आणि एप्रिलमध्ये येणारे मिळून ९ कोटी डोस लांबणीवर पडतील.

७ एप्रिलला महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं की राज्यात तीन दिवसांचाच साठा उरलाय. मुंबईत, साताऱ्यात, सांगलीत केंद्रांवर ‘लस शिल्लक नाही’चे बोर्ड लागले. ज्या जिल्ह्यात जगातला सगळ्यात मोठा लस कारखाना, तिथलेच ज्येष्ठ नागरिक सकाळी सहापासून रांगेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यामुळे निर्यात थांबवली याचा दोष देणं मला जमत नाही. एप्रिलअखेर भारतात रोज तीन हजारांवर मृत्यूंची नोंद होत होती. घानात मेपर्यंत साथीच्या सुरुवातीपासूनचे एकूण नोंदलेले मृत्यू आठशेच्या आत होते. (लोकसंख्येचं मधलं वय एकवीसच्या आसपास आणि चाचण्या मर्यादित, ही दोन्ही कारणं त्या आकड्यामागे धरायला हवीत.)

घानाच्या अधिकाऱ्यांपुढे आता दुसरा निर्णय होता. ८ आठवडे एप्रिलच्या शेवटी भरत होते, १२ आठवडे मेच्या शेवटी. करायचं काय?

वाट पाहत बसणं हा एक मार्ग. दुसऱ्या बनावटीची लस दुसरा डोस म्हणून देणं हा दुसरा. पण त्याचा अभ्यास तेव्हा पुरा झाला नव्हता आणि तशी लसही हाताशी नव्हती. तिसरा मार्ग खुल्या बाजाराचा. सरकारनं मध्यस्थांमार्फत स्पुटनिक व्ही ही रशियन लस घ्यायचा करार केला, डोसला १९ डॉलर दरानं. कारखान्याचा जाहीर दर होता १० डॉलर. जूनमध्ये एका नॉर्वेजियन वृत्तपत्रानं ते उघड केलं, संसदेची चौकशी लागली आणि करार मोडला. टंचाईत खरेदीला निघालेल्या गिऱ्हाइकाला भाव असाच लागतो, आणि दलाल असेच भेटतात.

चौथा मार्ग कोणाच्या आराखड्यात नव्हता. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाला २ मार्चला कोव्हॅक्सकडून १७ लाख डोस मिळाले होते. या लशीनं रक्ताच्या गुठळ्या होतात का, अशी चर्चा युरोपात सुरू झाल्यावर त्यांनी मोहीम पुढे ढकलली आणि १९ एप्रिलला सुरू केली. तोवर लोकांचा विश्वास उडाला होता आणि मुदत जवळ आली होती. सगळे डोस वेळेत देता येणार नाहीत हे दिसल्यावर त्यांनी १३ लाख परत केले. त्यातले साडेतीन लाख ७ मे रोजी घानाला पोहोचले. आधी मिळालेला साठा कोणी संपवला आणि टोचायची यंत्रणा कोणाची तयार आहे, हे पाहूनच असे डोस वळवले गेले. म्हणजे सगळा साठा भराभर वाटून टाकण्याचा जो निर्णय अंगाशी आला असं वाटत होतं, त्याच निर्णयानं घानाला या रांगेत पुढे उभं केलं.

पण डोस साडेतीन लाख आणि वाट पाहणारी माणसं आठ लाखांवर. कोणाला द्यायचे? इथे घानाच्या आरोग्य सेवेनं तारखेचा नियम लावला. ४३ जिल्ह्यांत मार्चच्या पहिल्या नऊ-दहा दिवसांत ज्यांनी पहिला डोस घेतला, त्यांना आधी. १९ मेपासून दुसऱ्या डोसची फेरी सुरू झाली. २ मार्चपासून मोजलं तर तो ७८ वा दिवस, १२ आठवड्यांना सहा दिवस बाकी.

योगायोग असा की आदल्याच दिवशी, १८ मेला, सीरमनं निवेदन काढलं: कोव्हॅक्सला आणि इतर देशांना पुरवठा वर्षअखेरपर्यंत सुरू होईल अशी आशा आहे.

पुढे काय झालं

मार्चच्या मध्यानंतर पहिला डोस घेतलेल्यांची गणितं तिथेच कोलमडली. त्यांचे १२ आठवडे जूनमध्ये भरले आणि फ्रिज रिकामे. जुलैत करोना विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरला, तिसरी लाट आली. दुसरा डोस तर सोडाच, देशातल्या बहुसंख्यांना पहिलाही मिळालेला नव्हता. ऑगस्टमध्ये ब्रिटननं अडीच लाखांच्या आसपास ॲस्ट्राझेनेका डोस दिले. आफ्रिकी संघाच्या खरेदीतून एकाच डोसची जॉन्सन अँड जॉन्सन आली. सप्टेंबरात अमेरिकेकडून मॉडर्नाचे १२ लाखांवर डोस आले. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना दुसरा डोस मिळाला तो असा, पाच महिन्यांच्या अंतरानं. सीरमचा कोव्हॅक्सला पुरवठा नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. दोन कोटींचं उद्दिष्ट वर्षअखेर गाठता आलं नाही. साथ सरेपर्यंत घानात १ लाख ७१ हजारांच्या आसपास रुग्ण आणि सुमारे १,४६० मृत्यू नोंदले गेले.

वेगळं काय करता आलं असतं

निम्मा साठा राखायला हवा होता असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. मलावीला मुदत संपलेले जवळपास वीस हजार डोस मे महिन्यात जाळावे लागले. राखून ठेवलेल्या साठ्याचा शेवट असाही होऊ शकतो. मात्र एक मधली रेघ ओढता आली असती. साठीपुढचे आणि आजारी लोक यांच्यापुरता दुसरा डोस राखायचा, बाकीचा सोडायचा. जून-जुलैत सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती, आणि तारखेच्या नियमात त्यांच्यातले उशिरा आलेले मागे राहिले. साठीच्या आजीबाईंनी २० मार्चला लस घेतली आणि पंचविशीतल्या शिपायानं ५ मार्चला, तर मेमध्ये डोस शिपायाला. नियम सोपा होता, भांडणं टाळणारा होता, हे मान्य. टेबलावर बसलेल्या नर्सला वयाचे आणि आजाराचे कागद तपासायला लावणं व्यवहारात किती अवघड आहे, तेही मान्य. तरी हा मुद्दा पहिल्या दिवशीच ठरला असता तर नोंदणीच्या वहीत त्याचा रकाना आला असता.

दुसरं, मुदतीची भाषा. लोकांना पहिल्या डोसच्या वेळी ८ ते १२ आठवडे सांगितलं गेलं. त्यामुळे १२ वा आठवडा उलटल्यावर ‘आता पहिलाही वाया गेला का?’ हा प्रश्न आलाच. आपल्याकडेही ४ ते ६ आठवड्यांचं अंतर मार्चमध्ये ६ ते ८ झालं आणि १३ मेला एकदम १२ ते १६. शास्त्र त्याच्या बाजूचं होतं, पण माल नाही म्हणून अंतर वाढवलं असंच लोकांनी धरलं. ‘८ आठवड्यांनंतर, लस येईल तशी, उशीर झाला तरी चालेल’ एवढं पहिल्याच दिवशी कार्डावर लिहिलं असतं, तर पुढची बरीच धाकधूक वाचली असती.

तिसरी गोष्ट घानाच्या हातात नव्हतीच. सगळ्या योजनेची दोरी एका देशातल्या एका कारखान्याला बांधलेली होती, आणि त्या देशात लाट आली तर काय याचं उत्तर कोव्हॅक्सच्या करारात नव्हतं. निर्यात थांबली यापेक्षा ती कधी सुटणार हे दोन महिने कोणी सांगितलं नाही, याचा त्रास जास्त झाला असं मला वाटतं. ‘डिसेंबरपर्यंत काही नाही’ हे मार्चमध्येच कळलं असतं, तर घानानं एप्रिलात वाटलेले निदान शेवटचे लाख-दीड लाख डोस नक्कीच वेगळ्या हिशेबानं वाटले असते.

या अनुभवानंतर घानानं स्वतःची लस बनवायचा विषय हाती घेतला. त्यासाठी समिती बसली आणि २०२३ मध्ये कायदा करून राष्ट्रीय लस संस्था उभी राहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर-२१ या मलेरियाच्या नव्या लशीला जगात सगळ्यात आधी मान्यता दिली, तीही घानाच्या औषध नियामकानं. संशोधन ऑक्सफर्डचं, आणि लस बनते पुण्यात, सीरममध्येच.